परकी शाल

आमची सूनबाई लस शोधते. तीन वर्षं खपून तिने एक केली. लस टोचलेल्या उंदरांना मग विषाणू दिला, तरी सगळे ठणठणीत. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या, आणि ही घरी आली ती तोंड पाडून.

"उंदीर जगले ना? मग एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का?"

"आई, एका पिंजऱ्याला लस दिलीच नव्हती. तुलनेसाठी माणसाच्या नुसत्या पेशी टोचल्या होत्या. तेही जगले. आमचे सर म्हणतात, पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल, सोड."

मला काही उमजेना. मग तिने समजावलं. हा विषाणू पेशीत वाढतो आणि बाहेर पडताना पेशीचंच आवरण अंगाभोवती ओढून घेतो, वरच्या प्रथिनांसकट. ती प्रथिनं म्हणजे पेशीच्या खुणा. शरीराचे पहारेकरी त्या बघूनच आपलं-परकं ठरवतात.

"म्हणजे चोर माझी शाल पांघरून निघाला!"

"आणि आपला कुत्रा शेपूट हलवत त्याला फाटकापर्यंत पोचवणार," चिरंजीव जेवता जेवता बोलले.

मी जन्मभर कपडे शिवले. इथे सुई नाही, दोरा नाही, माप नाही, आणि उंबरठा ओलांडता ओलांडता अंगाबरोबर बसणारा अंगरखा! डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या कारागिराला हात जोडावेसे वाटले.

"कौतुक पुरे," सून म्हणाली. "आम्ही विषाणू माणसाच्या पेशींत वाढवला. लस त्याचीच, नंतर दिलेला विषाणूही तोच. उंदरांनी चोर ओळखलाच नसेल. परकी शाल बघून हाणला असेल, म्हणून नुसत्या पेशी टोचलेलेही वाचले."

"मग आता?"

"उंदराच्याच पेशींत वाढवलेला विषाणू द्यायचा. घरची शाल. तरी वाचले, तर लस खरी."

"आणि नाही वाचले तर?"

"तीन वर्षं पाण्यात."

"सर सोड म्हणतात, तर कशाला उकरतेस?" चिरंजीव म्हणाले.

"उद्या हीच लस तुझ्या आईला टोचतील म्हणून."



तिने तो प्रयोग केला. लस टोचलेले उंदीर एकजात आजारी पडले.

त्या संध्याकाळी मी दारातच विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर. पाणीसुद्धा न पिता उठून गेले."

तिने हात धुतले, पान मांडलं आणि दोनदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी.

"हुशार आहे हो आई तुमचा चोर," ती म्हणाली. "पण शालीबाहेर स्वतःचं तोंड कुठेतरी काढतच असेल ना? तेवढं शोधायचं."