राखून ठेवलेला ठोकळा

मित्रांनो, नागपूरच्या एका दवाखान्यात, तपासणीच्या खोलीतल्या खणात मी राहतो. मेणाचा जुना ठोकळा आहे मी, काड्यापेटीहून लहान. माझ्या पोटात रितिकाच्या गुडघ्याजवळच्या हाडाचा तुकडा होता. रितिका नागपूरजवळच्या वाडी गावची, वय वर्षे सात.

हाड कठीण, म्हणून आधी ते आम्लात ठेवून मऊ केलं. मग त्यावर गरम मेण ओतलं, तोच माझा जन्म. तपासणीच्या खोलीत काम करणारे रुपरावकाका धारदार पात्यावर माझे केसाहून पातळ काप काढत, काचेवर चढवत, त्यांना रंग देत. रंग जिथे धरतो, तिथे पेशींची ओळख लागते. रितिकाच्या हाडात उठलेली गाठ मुळात कोणत्या पेशींची, हेच शोधायचं होतं. ते कळलं तरच नेमकं औषध ठरणार होतं, पाय वाचण्याची आशा होती.

गाठ दुर्मिळ निघाली. रंगांनी अर्धंच उत्तर दिलं. पुढची तपासणी मुंबईला, महिनाभराने, आणि तिच्यासाठी मीच हवा होतो. रितिकाची आई प्रीती येऊन गेली. माझ्या कडेवरचा नंबर तिने दोनदा वाचून लिहून घेतला. मोठ्या डॉक्टर नंदिनीबाई तिला म्हणाल्या, उरलेलं राखून ठेवते, काळजी करू नका. मीही निर्धास्त झालो.

त्याच महिन्यात मला पुन्हा पुन्हा बाहेर काढलं. बाईंना डॉक्टरांच्या परिषदेत ही दुर्मिळ गाठ दाखवायची होती. अजून एक रंग, अजून एक काप.

"मॅडम, थोडंसंच राहिलं आता," रुपरावकाका पुटपुटले.

बाई हसल्या. "तुम्ही फार कंजूष आहात, रुपराव."

पडद्यावर माझे काप झळकले, टाळ्या पडल्या म्हणे. खरं सांगतो, ऐकून मलाही अभिमान वाटला.

मग प्रीती मुंबईची चिठ्ठी घेऊन आली. काकांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. नुसतं मेण.

"यात हाड नाही राहिलं, ताई."

"काहून? मले तर ठेवतो म्हणलं होतं."

बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, अभ्यासाला लागलं, गाठ दुर्मिळ होती ना.

"गाठ दुर्मिळ होती, बाई. अन् माही पोरगी?"

 आता नवा तुकडा काढायला त्याच हाडात पुन्हा जाड सुई जाणार. दाराबाहेरच्या बाकावर रितिका मोजा वर ओढत बसली होती. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मित्रांनो, अभ्यास जरूर करा. माझ्यासारख्यांतूनच उद्याच्या मुलांची औषधं सापडतात. पण राखून ठेवतो म्हणून सांगितलेलं, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय संपवू नका. प्रीतीने दोन काप आपणहून दिले असते. तिला कोणी विचारलंच नाही.