नोंद त्रेचाळीसची पूजा

देवाची पूजा केली की माणसाचं हृदय बिघडतं, असा शोध परदेशातल्या एका विद्वानाने लावला, आणि त्याचा पुरावा आमच्याकडून गेला होता.

आमचं ऑफिस चेन्नईत, नुंगंबाक्कमला. निरोगी माणसांच्या छातीला सात दिवस यंत्र लावायचं, ठोके नोंदवायचे, नाव-पत्ता पुसायचा आणि नोंद जगभरच्या संशोधकांसाठी खुल्या संग्रहात टाकायची. चिकटपट्ट्या लावणारी मी, कौमुदी, मूळची साताऱ्याची. डोकं चालवणारे डॉक्टर अमोघ. निदान दारावरच्या पाटीवरून तसं वाटतं.

विद्वानाची मेल नोंद त्रेचाळीसबद्दल होती. हा गृहस्थ रोज पहाटे ५.४० ते ६.५० पूजा करतो, असं सोबतच्या डायरीत लिहिलंय, आणि नेमका तेवढाच वेळ त्याचे ठोके वेडेवाकडे पडतात. अमोघ हरखले. मी आलेख उघडला आणि माझं डोकं फिरलं. पूजेआधी दोन मिनिटं नुसती खरखर, पूजेनंतर पुन्हा खरखर, आणि मधल्या ठोक्यांची ठेवणच निराळी. पट्ट्या काढून दुसऱ्याच कुणाला तरी लावल्या होत्या, आणि त्या कुणाचं तरी हृदय ठीक नव्हतं.

"नाव शोधायचं नाही," अमोघ म्हणाले. "यादी आपण नष्ट केलीय. तसा शब्द दिलाय."

"आणि त्या माणसाला उद्या काही झालं तर?"

"नियम आहे, कौमुदी."

नियम यादीला होता, माझ्या डोक्याला नव्हता. मिनिटामिनिटाची डायरी लिहिणारा एकच: व्यासराज, रेल्वेत वेळापत्रकं जुळवून निवृत्त झालेले तंजावरी गृहस्थ. "हे सोवळ्यात चालतं का?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी घाईत खेकसले होते, "काका, काहीही करा, यंत्र रिकामं ठेवू नका." यंत्र परत आणायला मीच गेले होते, म्हणून घर माहीत होतं. चूक माझीही होती, म्हणून राग जरा जास्तच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले. व्यासराज सोवळं नेसून देवघरात. त्यांच्या पत्नी, भवानीकाकू, खिडकीशी कॉफी घेत बसलेल्या. पारोशाच, त्यांचा दिवस कॉफीनंतर सुरू होतो.

"काकू, यंत्र पहाटे कोण लावायचं?"

"मीच की मा," त्या त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या; 'मा' म्हणजे पोरी. "प्लास्टिक सोवळ्यास चालत नाहीं. रेल्वेचा माणूस, चार्ज दिल्याशिवाय जागा सोडत नाहीं. पूजेस जाताना मज चार्ज द्यायचे, आल्यावर परत घ्यायचे. मी कापी पीत बसायची."

म्हणजे विद्वानाचं पूजेवरचं संशोधन खरं तर कॉफीवर चाललं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"छातीत धडधडतं का?"

"जिना चढलें की. वय झालें. त्यांस सांगूं नको मा, पूजेंत चित्त राहात नाहीं."

मी सांगितलंच. देवघराकडे तोंड करून, मोठ्याने: ठोके अनियमित आहेत, रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, आजच डॉक्टरकडे न्यायला हवं.

घंटा थांबली. व्यासराज बाहेर आले. या तासाभरात त्यांना कुणी शिवलेलं चालत नसे, तिथूनच तर ही सगळी भानगड. ते सरळ काकूंसमोर खाली बसले आणि त्यांनी काकूंचं मनगट धरलं.

"सोवळें मोडलें की तुमचें," काकू म्हणाल्या.

"गप बैस. मोजतों आहे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मोजायला घेतलं, अडखळले, पुन्हा एकपासून सुरू केलं. असं तीनदा झालं. चाळीस वर्षं गाड्यांची मिनिटं जुळवलेल्या माणसाला बायकोचे ठोके काही केल्या जुळेनात.

"सात दिवस चार्ज दिला," ते म्हणाले. "पण कसें आहे म्हणून एकदांही विचारलें नाहीं." मग माझ्याकडे न बघता, "आटो बोलव मा."

आटो आली तेव्हा ते सोवळ्यातच काकूंबरोबर जिना उतरले. मनगट सोडलं नव्हतं.