जसंच्या तसं

हिमांशु कापगतेला कुणी अडकवलं नव्हतं. अतिशहाणपणा करून तो स्वतःच अडकला होता.

चार वर्षांपूर्वी अर्जुनी तालुक्यातल्या बारा तलावांच्या पाणी सोडायच्या दारांना मोटारी लागल्या. कोणतं दार कधी, किती उघडायचं, ते कंट्रोल रूममधल्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून ठरवायचं. हे कुणालाच जमेना, म्हणून हिमांशुनं मार्गदर्शिका लिहिली. पण लिहिली कशी? जिथं अवघड, तिथं एकच वाक्य: 'अडचण आल्यास हिमांशुला विचारा.' तेव्हा केवढा रुबाब वाटला होता लेकाला!

आता तोच रुबाब गळ्याशी आला होता. बायको पुष्पांजली नागपूरला नोकरीला, लेक दिव्या अडीच वर्षांची. पोरगी त्याला फोनवरच ओळखायची, 'मोबाइलवाले पप्पा' म्हणायची. बदली तीनदा मंजूर झाली, तीनदा इथल्या कार्यालयाच्या सेवकराम साहेबांनी अडवली.

"तू गेल्यावर आमी काय कपाळ फोडून घेऊ?" साहेब म्हणाले. "कागद असा लिव का तुझ्याबिना काम झालं पाह्यजे. चैतरामनं एकट्यानं करून दाखवलं, का तू मोकळा."

चौथी मंजुरी आली ती शेवटची. सोमवारी नागपूरला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

महिनाभर त्यानं मार्गदर्शिका घासूनपुसून काढली. तांदळातले खडे वेचावे तसं प्रत्येक पानातून आपलं नाव वेचलं. 'योग्य आकडा द्या' होतं, तिथं 'दार किती इंच उघडायचं तो आकडा द्या' केलं. 'थोडं थांबा'चं 'हिरवी अक्षरं येईपर्यंत थांबा' झालं. त्याच्या हाताखालच्या चैतरामभाऊंनी मागं एकदा स्वतःचं डोकं चालवून भलत्याच तलावाचं दार उघडलं होतं. त्यांच्यासाठी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत टाकलं: 'उदाहरणात आहे ते जसंच्या तसं टाइप करा. आपलं डोकं लावू नका.'

शेवटची पायरी हंगामाच्या नोंदीची: दारांची जबाबदारी कुणाची, ते नाव टाकायचं. एकदा नोंद झाली की धान कापणीपर्यंत ती कुणालाही बदलता येत नाही, नागपूरलासुद्धा नाही. नोंदीत ज्याचं नाव, त्यानं हंगामभर जागा सोडायची नाही. 'माणूस बदला' असे पुढाऱ्यांचे रोजचे फोन बंद व्हावेत म्हणून हे कुलूप हिमांशुनंच मागून घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी चैतरामभाऊ पडद्यासमोर बसले. साहेब मागं खुर्ची टाकून, हिमांशु बाहेर व्हरांड्यात. तास झाला, तरी आतून हाक नाही! त्यानं पुष्पांजलीला फोन लावला. "रविवारी येऊन राहिलो. सामानासकट!" तिकडं दिव्या टाळ्या वाजवत ओरडली.

"झालं जी!" आतून चैतरामभाऊ गरजले. "एक अक्षर इकडचं तिकडं नाही!"

फोन हातात तसाच धरून हिमांशु आत धावला. पडद्यावर हिरवी अक्षरं होती: 'तलाव: बारा. हंगाम: खरीप. जबाबदार: हिमांशु कापगते. नोंद कायम झाली.'

"चैतरामभाऊ, इथं तुमचं नाव टाकाचं होतं!"

"मंग कागदावर तुमचं काऊन हाये?" चैतरामभाऊंनी एकोणिसावं पान पुढं केलं. उदाहरणात होतं हिमांशुचंच नाव. सगळी वाक्यं त्यानं चाळली होती. उदाहरण मात्र जुनंच राहिलं होतं. "मी कायले डोकं लावू? नका लावू म्हून तुमीच लिवलं ना!"

आतापर्यंत असा चोख, सांगितल्याबरहुकूम काम कुणी केलं नव्हतं. रागवायचं तरी कुणावर?

सेवकराम साहेबांनी पडदा दोनदा वाचला. "आता कापणीपावतर काही होत नाही, बापा," ते हळूच म्हणाले. "कागद मात्र खरंच चांगला लिवला तू."

फोनमधून पुष्पांजली विचारत होती, "अहो, कितीच्या गाडीनं येता? स्टेशनवर दिव्याला घेऊन येते."

हिमांशुनं टेबलावरचा पेन उचलला. एकोणिसाव्या पानावरचं आपलं नाव खोडलं आणि वर लिहिलं: 'इथे स्वतःचं नाव टाका.' मग त्यानं फोन कानाला लावला.