टेरीकॉटवर टेकलेला तांब्या

दोन खोल्या, तीन माणसे, अर्धी घागर पाणी, टेरीकॉटचा एक शर्ट आणि मी. त्या दुपारी आमच्या घरात एवढेच होते.

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. तांबटाने हजारो घाव घालून मला गोल केले. माझ्या पोटावरचा खड्डा मात्र त्याचा नव्हे.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे पाणी आटले. घरधनीण मल्लम्मा मला भरूनच पाणी मोजून देई. माझ्यात सहा पेले मावत. शिवाय माझ्यात निखारे भरून कपड्यांना इस्त्री करीत. सुती कापड माझी धग सोसते. टेरीकॉट वितळते. हे घरात कोणाला ठाऊक नव्हते, कारण टेरीकॉट पहिल्यांदाच घरात आले होते.

तो शर्ट तिच्या थोरल्या मुलाचा, पंचाक्षरीचा. दुसऱ्या दिवशी तो घालून त्याला शिरूर अनंतपाळला मुलगी बघायला जायचे होते. धाकट्या वीरभद्राने तो गुपचूप काढला. नव्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या महानंदाने त्याला पाच वाजता हॉटेलात चहाला बोलावले होते. "न्हाई आलात, तर घरच्यांनी आणलेल्या स्थळाला मी हो म्हणणार," असे तिने बजावले होते. पोरीसमोर तो कधी एकटा बसला नव्हता. काय बोलावे हे पुटपुटत त्याने मला शर्टावर टेकवले आणि उचलायला विसरला.

वास सुटला. शर्टाच्या पाठीवर माझ्या बुडाएवढे भोक पडले.

"काय करायलास रे?" पंचाक्षरी ओरडला. त्याने फडक्यात धरून मला उचलले आणि निखाऱ्यांसकट फेकले. मी वीरभद्राच्या भुवईवर आदळलो, तिथून दगडी उंबऱ्यावर, आणि माझे पोट आत चेपले. रक्त उडाले. वीरभद्राने भावाला भिंतीवर आपटले. पंचाक्षरीने त्याचा गळा धरला. मल्लम्मा लाटण्याने दोघांनाही बडवू लागली.

"सोड दादा! पाच वाजले, ती थांबली असंल!"

"कोण ती?" मल्लम्माचे लाटणे वरच थांबले.

पाच केव्हाच वाजून गेले होते. वाट बघून महानंदा घरी निघाली होती. तिची वाट आमच्याच बोळातून जाई. आरडाओरडा ऐकून ती दारात आली. गळा धरलेला हात तिने मनगटाला चावून सोडवला. मग माझ्यातली राख झटकली, पदराने मला पुसले आणि घागरीतून भरले.

"पोरी, प्यायचं पाणी हाय ते!"

"हाव मावशी. उद्या आमच्या घरून भरून आणते." तिने जखम धुतली. "नुस्तं च्या प्यायला बोलावलं होतं. एवढं रगत कशाला?"

"लई भ्यालो होतो," वीरभद्र म्हणाला.

"मीबी," ती म्हणाली. "स्थळाला आज न्हाई सांगते."

पंचाक्षरी भोकावर बोट फिरवत कोपऱ्यात बसला.

मित्रांनो, रागाच्या भरात हाताला येईल ते फेकू नका. भांड्यालाही लागते, माणसालाही.

दुसऱ्या दिवशी महानंदा पाणी घेऊन आली. मल्लम्माने मला पेल्यांनी भरून पाहिले. पाच मावले.