बाजूला बसायचे दिवस

"तिसऱ्यांदा फुफ्फुस आकसलंय," डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "क्षयाच्या गोळ्या परत सुरू करू."

दोन हजार तीनचा हिवाळा. कोल्हापुरातल्या दवाखान्यात सव्वीस वर्षांची वर्षाराणी उजव्या बरगडीत नळी घेऊन पडली होती. उशाशी सासू, शालूबाई. कोडोलीत जिच्या आवाजाला अख्खी गल्ली वचकून असायची, ती बाई दोन दिवस मुकी झाली होती. मनात एक गोष्ट घोळत होती. पण परक्या पुरुषापुढं, त्यातून पोरगा कृष्णात शेजारी असताना, ती बोलायची कशी?

शेवटी तिनं पदर तोंडाशी धरला. "डॉक्टर, लाज सोडून सांगतो. तिन्ही येळंला ही बाजूला बसलेली. चूल माझ्या गळ्यात पडलेली, म्हणून ध्यानात हाय. श्रावणात, दिवाळीत आन् आता. त्येच दिवस आन् त्योच दम."

कृष्णात खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरांनी मात्र एक्स-रे खाली ठेवला.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलंच न्हाय की!"

मग उलगडा झाला. गर्भाशयाचं अस्तर कधीकधी भलतीकडे, छातीखालच्या पडद्यावरही रुजतं. तिथं बारीक भोकं पडतात आणि पाळीच्या दिवसांत हवा छातीत शिरून फुफ्फुस दाबते. ऑपरेशन झालं. पुढं सहा महिने पाळी थांबवायची इंजेक्शनं. तोवर मूल नाही.

हे शालूबाईला लागलंच. नातवासाठी तिनं जोतिबाला नवस बोलला होता. त्यात सून बाजूला बसत नाही, हे गल्लीच्या नजरेतून सुटतंय होय? शेजारची विठाबाई हसत आलीच, "काय शालू, गोड बातमी?"

"न्हाय गं. पोरगी दम घेतीया, एवढी बातमी लई झाली." बोलल्यावर आपल्याला खरंच तसं वाटतंय, याचं शालूबाईला नवल वाटलं.

इंजेक्शनं संपून दोन महिने झाले. एका सकाळी शालूबाई अंघोळ उरकून पूजेला बसणार, तोच वर्षाराणी दारातून म्हणाली, "आत्ती, आज मी बाजूला." आणि पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसली. चेहरा पांढराफटक. भीती दोघींची एकच होती.

शालूबाई तरातरा गेली, तिच्यामागं बसली आणि पाठीवर दोन्ही तळवे टेकवले.

"आत्ती, शिवलासा की! परत अंघोळ करायला लागंल."

"करतो. आदी दम घे. मोठा."

वर्षाराणीनं श्वास घेतला. डावा तळवा वर उचलला गेला. उजवाही.

"आनि एकदा," शालूबाई म्हणाली. आत देव बिनपूजेचे ताटकळले होते. ताटकळू देत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.