कानापुरता कापूस

चैत्र सरत आला तरी प्रेमसिंगच्या घरातला कापूस घरातच होता. पुढच्या खोलीत पार आढ्याला टेकेल एवढी गंजी. भाव पडलेला, सरकारी खरेदी केंद्र उघडलं तर उघडलं. घाटंजीच्या अलीकडच्या त्या बंजारा तांड्यात त्या वर्षी घरोघरी कापूस आत आणि माणसं बाहेर अशी गत होती. उन्हाळ्यात कापसाजवळ बसलं की अंगाला खाज सुटते. सगळे अंगणात खाटा टाकत. सत्तरी ओलांडलेला प्रेमसिंग मात्र गंजीला पाठ लावूनच बसे. खाजवत राही, पण उठत नसे.

"कायची राखण करून राह्यले?" त्याची बायको मानीबाई म्हणे. "चोरानं नेला तर उपकार होतीन त्याचे."

अशा त्या घरात एक दिवस नात शीला पाठीवर भलीमोठी निळी सॅक लावून आली. ती यवतमाळला कॉलेजात शिकत होती. कॉलेजची दहा-बारा पोरं एका सरांसोबत वैशाखात हिमाचलच्या पहाडात जायची होती. पाच दिवस पायी, आपलं ओझं आपल्याच पाठीवर. शीलाचं नाव त्यांत होतं, पण घरचा होकार बाकी होता. बापाला, बबलूला, विचारलं तर तो म्हणाला, "मी काय सांगू? दादाले इचार." तांड्यात आजोबाला दादाच म्हणतात.

शीला घाबरतच दादासमोर बसली. सगळं ऐकून प्रेमसिंगनं एकच विचारलं, "बैल किती?"

"बैल नाई दादा. आपणच बैल."

प्रेमसिंग हसला, हसता हसता खोकला. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. प्रेमसिंगच्या वाट्याला ते आलं नाही. जमीन आली, कापसाची पऱ्हाटी आली, एका जागचं जिणं आलं. पण लहानपणी आजाच्या तोंडून मुक्कामांची नावं ऐकत तो झोपला होता. आता नात म्हणत होती, 'पहिला मुक्काम नदीकाठी', आणि म्हाताऱ्याच्या अंगात काहीतरी उठून बसलं.

मग रोज संध्याकाळी अंगणात बेत चाले. शीला पऱ्हाटीच्या काडीनं धुळीत वाट ओढी, प्रेमसिंग मुक्कामाच्या जागी एकेक दगड ठेवी. नदीकाठचा दगड, देवदाराच्या रानातला दगड, बर्फाखालचा दगड. त्याच्या वर खिंड. तिथं त्यानं पाटा ठेवायला काढला, तर मानीबाईनं हिसकून घेतला.

"पानी कुठं?" तो विचारी.

"वढ्याचं."

"सरपन?"

"गॅस नेतात."

"वारा कोनीकडून येते?"

ते शीलाला ठाऊक नसे. "इचार तुह्या सराले. वाऱ्याकडं पाठ करून पाल टाकाव, हे त्याले कोनी सांगतलं का नाई?"

सकाळी मानीबाई सडा घालायला निघाली की दगड आडवे यायचे. "उचला हा पहाड! मले सारवाचं हाय." पण स्वतःच दगडांच्या कडेकडेनं सारवायची. सारवलेल्या अंगणात मधेच धुळीचा तो पट्टा राहून गेला. वाटेनं जाणारे विचारायचे, "कायची पूजा मांडली?"

एका संध्याकाळी शीला बोलून गेली, "तिसऱ्या मुक्कामाले रात्री बाटलीतलं पाणी गोठते म्हणतात."

प्रेमसिंगचा हात दगडावरच थांबला. "वैशाखात?"

"हो दादा."

तेव्हा त्यानं ती गोष्ट सांगितली. घरात सगळ्यांना पाठ होती, पण तो दर थंडीत नव्यानं सांगे. तो आणि धाकटा भाऊ खेमसिंग पोरगे होते तेव्हाची. पौषात बापाबरोबर कापसाची बंडी घेऊन घाटंजीला गेलते. कापसातली सरकी काढायच्या जिनिंगबाहेर बंड्यांची रांग नाल्यापर्यंत. थंडी अशी, की बैलांच्या नाकातून धूर निघे. बापानं सांगितलं, झोपा. दोघा भावांनी बंडीतल्या कापसात भोक पाडलं आणि हनुवटीपर्यंत आत शिरले. वर चांदण्या, खाली बैलांच्या घंटा, नाकाशी सरकीचा वास. "मायच्या पोटात असते ना, तशी गरमी," प्रेमसिंग म्हणायचा. सकाळी कापसाला भाव लागला आणि बापानं पानात बांधून जिलेबी आणली. त्या रात्रीसारखी झोप पुन्हा लागली नाही.

गोष्ट संपली तसा तो उठला आणि आतून रजई घेऊन आला. आरशांचे तुकडे टाचलेली, मानीबाईच्या हातची. आत साधासुधा कापूस नव्हता. वेचणी सुरू करायच्या दिवशी शेतात सीतादही करतात. पाच खडे मांडून दहीभात दाखवतात आणि पहिली वेचणी करतात. ती पहिली मूठ मानीबाईनं कधी विकू दिली नाही. वर्षावर्षाची मूठ साठवून ही रजई भरली होती.

"पोट्टीनं खुशाल जाव," प्रेमसिंग म्हणाला, "पन ही संग जाईन. मंग पानी गोठो का काई गोठो."

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं शीलाच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं. ते दादाला सांगायची तिची छाती होईना. म्हणून बाजाराच्या दिवशी ती सरांनाच तांड्यावर घेऊन आली.

अतुल सर घाटंजीचेच, तरणे, उन्हानं रापलेले. चहा झाला. त्यांनी रजईवरून हात फिरवला, कशिद्याचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, "पण बाबा, ही नाही नेता येत. पहाडावर सुती काहीच चालत नाही. बनियानसुद्धा नाही."

"काहून?"

"भिजला की वाळत नाही. अन् ओला कापूस अंगातली गरमी ओढून घेते. लोकर चालते, नायलॉन चालते. तिथं पिशव्या उघडून पाहतात. कोणी ऐकलं नाही तर खालूनच वापस पाठवतात."

प्रेमसिंगनं रजई आपल्याकडं ओढली. "सर, तुमचे वडील काय करतात?"

"शेती. पऱ्हाटीच पेरतात."

"मंग हे त्यायच्या तोंडावर बोल्ले का तुमी?"

"बोललो ना बाबा. दोन दिवस माझ्यासंग बोलले नाहीत."

मानीबाई पदराआड हसली. प्रेमसिंगला हसू आलं नाही. त्यानं गंजीकडं पाहिलं. "यापाऱ्याले नको. सरकारले नको. आता पहाडालेही नको म्हना." आणि रजईची घडी करत म्हणाला, "रजई जाईन तर पोट्टी जाईन. नाई तर दोघीबी घरीच."

सर जाताना शीलाला म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत सांग. मग तिकीट दुसऱ्याला द्यावं लागेल."

शीला रडली नाही, की तिनं विनवण्या केल्या नाहीत. सॅकमध्ये ज्वारी भरून ती रोज सकाळ-संध्याकाळ टेकडी चढे, उतरे. तेवढंच. प्रेमसिंग खाटेवरून पाही. संध्याकाळी अंगणातल्या दगडांजवळ कोणी बसेना. मानीबाईनंही ते उचलले नाहीत.

बाजार एका दिवसावर आला तेव्हा तांड्याच्या दुसऱ्या टोकाहून खेमसिंग आला. डाव्या कानानं बहिरा, त्या कानात बारा महिने कापसाचा बोळा, आणि बोलणं सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं.

"भिया! पोट्टीले अडवलं म्हंते तू?"

"म्या नाई अडवलं. त्या सरानं अडवलं. कापसात गरमी नसते म्हंते. तूच सांग, घाटंजीच्या त्या रातची गरमी तुले आठोते का नाई?"

"आठोते ना. अन् पहाटंचा पाऊस?"

"कोनता पाऊस?"

"घ्या!" खेमसिंगनं कानातला बोळा काढून दाखवला. "माहा कान गेला, अन् हा म्हंते कोनता पाऊस! वयनी, ऐकून राह्यल्या का?"

"सांगा, सांगा," मानीबाई जवळ सरकली. "इतक्या सालात पाऊस म्या कदी ऐकला नाई या गोष्टीत."

"आमी कापसात झोपलो, खरं हाय. पहाटं पाऊस झोडपला. समदा कापूस भिजून अंगावर बसला, मढ्यावानी जड. आमाले निंगता येईना. बानं वढून काढलं तवा माहे दात वाजून राह्यलते अन् याचे वठ जांभळे. मंग वारं सुटलं, ते शिरलं माह्या कानात."

"अन् जिलेबी?" प्रेमसिंगनं हळूच विचारलं.

"जिलेबी दुसऱ्या सालची, भिया! त्या साली बा रिकाम्या हातानं आलता. दोन सालं तू एका सुईनं शिवली." मग त्याचा आवाज जरा उतरला. "एका धनगरानं त्याच्या घोंगड्यात घातलं आपल्याले. जाळापाशी. मेंढीचा वास नाई आठोत?"

प्रेमसिंगला आधी तो वासच आला. ओल्या मेंढीचा, धुराचा, उग्र. त्याच्यामागून घोंगड्याची टोचणी आली, आणि त्या टोचणीत पायाच्या बोटांपासून वर चढत गेलेली ऊब. मायच्या पोटातली म्हणून जी तो इतकी वर्षं सांगत आला, तीच. खेमसिंग गेला तरी प्रेमसिंग बसूनच होता. किती थंड्या ती गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता पाऊस कधी वाळून गेला, कळलंच नाही.

उन्हं कलली तसा तो उठला. गंजीतून मूठभर कापूस काढला, घागरीत बुडवला, पिळला आणि मानेवर ठेवला. वैशाखाच्या तोंडाशी अंगावर काटा आला. बराच वेळ त्यानं तो तसाच धरला. वाळेना.

दारात मानीबाई उभी होती. "पटलं?"

"हं."

"रजई म्या शिवली. मले कोनी इचारलं का, द्याची का नाई म्हून? तुमाले गरमीचं नाई पडलं. या घरचं काईतरी पोट्टीसंग पहाडावर जाव, एवढंच ना?"

मानीबाईनं रजईचा एक कोपरा उसवला, आतला कापूस काढून बोटांत घोळवला आणि दोन घट्ट बोळे केले. "भाऊजीचा कान गेला तसा पोट्टीचा जाऊ नये. टोपीखाली रायते, भिजत नाई."

शीला टेकडीवरून घामाघूम होऊन आली. प्रेमसिंगनं तळहातावर दोन बोळे पुढं केले. "तुह्या सराले सांग, पोट्टी येते. अन् इचार, एवढा तरी कापूस पहाडाले चालते का?"

दुसऱ्या दिवशी बाजारातून ती पळतच आली. "सर लई हसले, दादा. म्हणे, कानापुरता चालते!"

त्या संध्याकाळी अंगणात पुन्हा बेत बसला. प्रेमसिंगनं खिंडीवर पाटा ठेवला आणि या वेळी मानीबाईनं तो हिसकून घेतला नाही.

निघायच्या दिवशी सगळे फाट्यावर आले. सकाळीच ऊन भाजत होतं. प्रेमसिंगनं सॅक उचलून नातीच्या पाठीवर दिली. आजा बैलावर गोणी लादताना करायचा तसा दोन्हीकडचा भार हातानं तोलून पाहिला. एसटी आली. शीला खिडकीशी बसली, डोक्यावरची ओढणी मागं सारून तिनं दोन्ही कान दाखवले. दोन्हींत पांढरे बोळे.

"अवं आत्ता कायले घातले?" प्रेमसिंग ओरडला. "तठी घालजो! पहाडावर!"

तिला ऐकू आलं नाही. ती हसत हात हलवत राहिली आणि गाडी निघाली.

"काय म्हनली?" खेमसिंगनं विचारलं.

"काई नाई," प्रेमसिंग म्हणाला. मग खेमसिंगच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाला, "पहिला मुक्काम नदीकाठी हाय."