दगडाबाईंच्या आधी कोण?

कोऱ्हाळे बुद्रुकच्या स्टँडजवळची पिठाची गिरणी सारजा गेली नऊ वर्षं चालवत होती. गावातल्या दुकानात पिशवीतलं तयार पीठ मिळू लागलं आणि गिरणीवरचे डबे कमी झाले. तिच्या नवऱ्यानं, गोकुळनं, मशीन विकून त्या जागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरवलं. निमगाव केतकीचा बिरू मशीन न्यायला रविवारी टेम्पो घेऊन येणार होता.

"तवर डबे वाढलं तर ठिवू," एवढंच गोकुळ म्हणाला. आणि रोज संध्याकाळी विचारायचा, "किती डबे आलं?"

सारजाला गिरणी सोडवेना. भेटेल त्या बाईला ती विचारू लागली, "का गं, दळायला येत न्हाईस?"

बाया ओशाळायच्या. "वेळच मिळंना बघ." "परवा आणते की." परवा कुणी यायचं नाही. विचारून विचारून सारजा दमली, हाती काही लागलं नाही.

बुधवारी सकाळी दगडाबाई गव्हाचा डबा घेऊन आल्या, डबा बाकाखाली सरकवला आणि बसल्या.

"द्या की मावशी, मशीन रिकामंच हाय."

"बसते जरा. घाई न्हाय."

मागून फुलाबाई बाजरी घेऊन आली. "हिचं घे आधी," दगडाबाई म्हणाल्या. बाजरी दळून झाली, फुलाबाई गेली, तरी दगडाबाई तशाच. अर्ध्या तासानं त्यांनी उसासा टाकला आणि डबा डोक्यावर घेतला.

सारजाच्या ओठावर पुन्हा "का" आलं होतं. पण बसल्यापासून मावशींची नजर सारखी रस्त्याकडं जात होती, ते तिला आठवलं.

"मावशी, तुमी कुणाची वाट बघत हुता?"

दगडाबाई थबकल्या, मग हसल्या. "खरं सांगू? गहू घिऊन येणारीची."

"म्हंजी?"

"अगं, काल शेवटाला काय दळलंस मला काय ठावं? म्हणून थांबले. आता तर मशीनच्या पोटात फुलाची बाजरी बसलीया. मी गहू टाकला की ती माझ्या डब्यात येणार. पोळी काळपट झाली की सूनबाई म्हणती, आत्याबाई, ही पोळी हाय का गोधडी? दुसरीनं आधी गहू टाकला की बाजरी तिच्या डब्यात जाती."

"आणि ती कुणाची वाट बघती?"

"माझी!"

दोघी हसत सुटल्या. डबा पुन्हा खाली आला.

सारजा मशीनकडं बघत राहिली. आत उरलेलं पीठ कसं काढायचं? दरवेळी दगड उघडायचे तर अर्धा दिवस त्यातच जाईल. मग तिनं स्वतःलाच दुसरं काही विचारलं. हे मिसळलेलं पीठ कुणाला चालेल?

ती घरात गेली आणि तांब्याभर गहू घेऊन आली. तो आधी दळला, बाजरीमिश्रित पीठ स्वतःच्या परातीत घेतलं. "टाका आता, मावशी."

संध्याकाळी तिनं दारावर खडूनं लिहिलं: सकाळी गहू, दुपारनंतर ज्वारी-बाजरी. प्रत्येक पाळीचं पहिलं दळण गिरणीवालीचं. ते वाचायला फारसं कुणी थांबलं नाही, पण दगडाबाईंनी ते घरोघरी पोचवलं.

"ही पोळी अशी का गं?" रात्री गोकुळनं विचारलं.

"बाजरी हाय त्यात. उद्या आणखी काय असंल, सांगता येत न्हाय."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण खाल्ली.

रविवारी बिरूचा टेम्पो दारात आला. "व्हय रं, बाजूला घे की तो!" रांगेतल्या भागूबाई ओरडल्या. "गव्हाची पाळी हाय, दिसत न्हाय का?" पायरीपासून रस्त्यापर्यंत डबे मांडले होते.

"मशीन कुठनं बाहेर काढायचं, गोकुळराव?" बिरूनं विचारलं. "वाटच न्हाय."

गोकुळ डब्यांकडं बघत उभा होता. आज त्यानं ते मोजले नाहीत. "सारजे, ह्या बाया इतकं दिस कुठं हुत्या?"

"हितंच हुत्या. एकमेकींची वाट बघत."

"म्हंजी मी रिकामाच जाऊ?" बिरू म्हणाला.

"रिकामा कशाला? च्या पिऊन जा," गोकुळ म्हणाला.

दुपार होत आली होती. शेवटचा गहू दळून झाला तसा गोकुळ उठला, घरात गेला आणि तांब्याभर बाजरी घेऊन आला.